स्वस्त इंपोर्टेड शॉटगन आणि चेंबरची भानगड
तुर्की सेमी-ऑटो शॉटगन (बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) अमेरिकेत स्वस्तात मिळते म्हणून इथंपण घ्यावी असं काही जण म्हणतात, पण आपल्याकडं ऐंशीच्या दशकातच खाजगी आयात बंद झालीय राव, त्यामुळं सातारा-सांगलीकडं इंपोर्टेड म्हणून जी विकायला येते ती बहुतेक कुणाच्या तरी आजोबांची विलायती दुनळीच असते.

आमच्या भावकीत पाटणला अशीच एक आहे, दिसायला झकास पण स्प्रिंग गेली की पार्ट मिळत नाही, हातानं बनवून घ्यावा लागतो. आणि चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचं, कुणी बोलतच नाही. जुन्या विलायती बाराबोर बंदुकीचं चेंबर बऱ्याचदा ६५ मिमी लांबीचं, हल्लीचं काडतूस उलगडल्यावर ७० चं. आत आरामात बसतं, पण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड पुढं उलगडायला जागा नसल्यानं प्रेशर वाढतं. सौदा करायच्या आधी गनस्मिथकडनं मोजून घ्या.