जीवन पवित्र नसेल, तर उपासना देवाला मान्य होते का?

सांजदिवा (धागाकर्ता) :

प्रभुभोजनापूर्वी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपूर्वी, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) आत्मपरीक्षणासाठी शांत बसण्याची रीत आहे. ती शांतता जेमतेम एक मिनिट टिकते. गीते मात्र पाऊण तास चालतात. हे प्रमाण मला अस्वस्थ करते, कारण पवित्र शास्त्राने (बायबलने) ते उलटे मांडले आहे असे मला वाटते. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात देव सांगतो की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, गीतांचा गोंगाट माझ्यापुढून न्या आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १ल्या अध्यायात तो प्रार्थनेसाठी पसरलेल्या हातांकडून दृष्टी वळवतो, कारण ते हात रक्ताने भरलेले आहेत. हे लोक काही मूर्तीपुढे उभे नव्हते. ते खऱ्या देवापुढे, त्याच्याच नियमशास्त्राने सांगितलेले यज्ञ घेऊन आले होते. दोष विधीत नव्हता; विधी आटोपून ते गरिबाशी आणि विधवेशी जसे वागत होते, त्यात होता.

परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, असा प्रश्न १५व्या स्तोत्रात विचारला आहे. त्याच्या उत्तरात गायनाचा उल्लेखही नाही. मनापासून सत्य बोलणे, चहाडी न करणे, नुकसान सोसूनही शपथ पाळणे, व्याजाने पैसा न देणे आणि निर्दोष माणसाविरुद्ध लाच न घेणे, अशाच गोष्टी तेथे आहेत. म्हणून पवित्र जीवन हे उपासनेचे केवळ फळ नसून तिची अट आहे, असे माझे मत आहे. विरुद्ध मते अवश्य मांडावीत.

कृपाश्रित :

आपल्या लेखनातील कळकळ मला पटते. ‘अट’ हा शब्द मात्र पटत नाही. यशयाच्याच ६व्या अध्यायात संदेष्टा सिंहासनापुढे उभा राहतो आणि मी अशुद्ध ओठांचा मनुष्य आहे असे आक्रंदतो. तो शुद्ध होऊन तेथे गेलेला नाही. निखारा वेदीवरून त्याच्याकडे येतो, म्हणजेच शुद्धी त्याला उपासनेच्या ठिकाणी मिळते. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातील परूश्याने, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या माणसाने, तर आपल्या सर्व अटी पुऱ्या केल्या होत्या. तो उपास करीत होता, दशमांश देत होता, आणि तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो ऊर बडवणारा जकातदार.

इतिहासातही हा प्रश्न आलेला आहे. लंडनमधील फेटर लेन येथील ख्रिस्ती मंडळात काही जण शिकवीत होते की ज्यांचा विश्वास पूर्ण झालेला नाही त्यांनी प्रभुभोजनापासून दूर राहून स्तब्धपणे वाट पाहावी. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना हे मान्य झाले नाही आणि १७४० मध्ये ते त्या मंडळापासून वेगळे झाले. पवित्र जीवनाचा आयुष्यभर आग्रह धरणारा हाच उपदेशक प्रभुभोजनाला पालट घडवणारे कृपेचे साधन मानत होता. आजाऱ्याने बरे होऊनच वैद्याकडे यावे, असे आपण कसे म्हणणार?

सांजदिवा :

वेस्लींचे उदाहरण मोलाचे आहे. पण तेथील वाद विश्वास अपुरा असण्याबद्दल होता, आणि मी बोलतो आहे ते जाणूनबुजून जपलेल्या पापाबद्दल. जकातदाराने आपले पाप झाकले नाही, म्हणून त्याचे उदाहरण माझ्या विरुद्ध जात नाही. ३९० साली थेस्सलनीका येथे सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने हत्याकांड झाले, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला कळवले की आपण उपस्थित असाल तर मी प्रभुभोजनाचे अर्पण करण्यास धजणार नाही. सम्राटाने उघड पश्चात्ताप केल्यावरच त्याला पुन्हा सहभागी करून घेण्यात आले. त्या दिवशी अँब्रोज यांनी नेहमीप्रमाणे विधी केला असता, तर मारल्या गेलेल्यांच्या आप्तांनी त्या वेदीबद्दल काय समजावे?

वेदीजवळ :

आपण दोघेही ज्या वचनाच्या आसपास फिरत आहात ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात आहे. दान वेदीपाशी आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशू सांगतो. मला त्यातील ‘आठवले’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आठवण वेदीपाशी होते. तो मनुष्य घरी राहिला असता तर कदाचित ती झालीच नसती.

हे मी अनुभवाने सांगतो. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी माझे बोलणे तुटले. आपण अपात्र आहोत असे ठरवून मी चार वर्षे प्रभुभोजन घेतले नाही आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजत राहिलो. त्या काळात राग कमी झाला नाही, कारण त्याला कोणी प्रश्नच विचारत नव्हते. अखेर एका रविवारी पापांगीकाराची प्रार्थना सर्वांबरोबर मोठ्याने म्हणताना माझा आवाज अडला. मी भोजन घेतले आणि त्याच रात्री भावाला पत्र लिहिले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

सांजदिवा :

आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तरीही विचारतो, कारण विषय गंभीर आहे : वचनातील क्रम आधी भाऊ आणि मग दान असा आहे. पत्र आधी जायला नको होते का? ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती शिकवणीतही भांडण असलेल्यांनी समेट होईपर्यंत भाकर मोडण्याच्या सभेत सामील होऊ नये असे सांगितले आहे.

वेदीजवळ :

क्रम चुकला, हे मान्य आहे. पण समेटाला दोघे लागतात. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात पौल ‘तुमच्याकडून होईल तेवढे’ अशी मर्यादा घालतो, आणि मी तिच्या आधारानेच आता प्रभुभोजनाच्या मेजाशी जातो. भावाचे उत्तर येईपर्यंत थांबलो असतो, तर माझी उपासना त्याच्या क्षमेवर टांगलेली राहिली असती.

कृपाश्रित :

धागाकर्त्यांना एक सूचना. एका मिनिटात कोणीही भावाकडे जाऊन परत येऊ शकत नाही. प्रभुभोजनाची घोषणा आठवडाभर आधी व्हावी आणि त्याच वेळी मत्तयाचे हे वचन वाचले जावे, म्हणजे ज्याला आठवण होईल त्याच्या हाताशी सात दिवस असतील.

सांजदिवा :

‘अट’ हा शब्द मी मागे घेत नाही. ही सूचना मात्र पाळकांना आणि पंचांना या आठवड्यातच कळवतो. मला स्वतःलाही एका घरी जायचे आहे.