मदत हवी आहे: होंडा सीआर-व्ही (२०१८, १.५ टर्बो) वापरलेली घ्यावी का? फेऱ्या छोट्या, हिवाळा कडक

नमस्कार मंडळी,

ओळखीतल्या एका काकांची २०१८ ची होंडा सीआर-व्ही विकायला आहे. १.५ लिटर टर्बो पेट्रोल, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, ऑल व्हील ड्राइव्ह. पहिल्यापासून एकच मालक, सर्व्हिसच्या पावत्या जवळपास सगळ्या जपून ठेवलेल्या. चालवून पाहिली, आवडली. आईचे गुडघे हल्ली फार दुखतात, बुटक्या गाडीत वाकून बसणं तिला नको होतं. या गाडीची सीट तिला बरोबर उंचीवर येते. टेकली, पाय आत घेतले, झालं. तेवढ्यावरच मी होकार देणार होते. मग इंजिनाबद्दल वाचायला घेतलं आणि अडकले.

प्रश्न ऑइलमध्ये पेट्रोल मिसळण्याचा आहे. माझी समजूत बरोबर आहे का तेही कळावं म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना त्यातल्या काही पेट्रोलची वाफ होत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीला लागतं, पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली उतरतं आणि ऑइलमध्ये जातं. पुढे इंजिन नीट तापून बराच वेळ चाललं तर ते उडून जातं. पण फेरी छोटी आणि बाहेर गोठवणारी थंडी असेल, तर इंजिन तापायच्या आतच आपण गाडी बंद करतो. असं रोज झालं की पेट्रोल साठत जातं, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वरच्या खुणेच्याही पुढे जाते आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो. या इंजिनाला ०डब्ल्यू-२० ऑइल लागतं, ते मुळातच पातळ. त्यात आणखी पेट्रोल मिसळलं तर बेअरिंग आणि टर्बोचं काय होत असेल, ही माझी खरी काळजी.

आणि हे चार लोकांचं ऐकीव नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये याच कारणावरून नव्या सीआर-व्हीची विक्री काही काळ थांबवावी लागली होती. अमेरिकेत कंपनीने २०१७ आणि २०१८ च्या गाड्यांसाठी इंजिनाची वॉरंटी मूळ खरेदीपासून ६ वर्षांपर्यंत वाढवली. थंड प्रदेशांतल्या गाड्यांना इंजिन लवकर तापावं म्हणून सॉफ्टवेअर बदलून दिलं. म्हणजे कंपनीने दखल घेतली, हे चांगलंच. पण ६ वर्षं या गाडीची केव्हाच उलटली. आता जे होईल ते आपल्या खिशातून.

आमचा वापर नेमका या इंजिनाला न मानवणारा आहे. आईला फिजिओथेरपीला न्यायचं, मुलाला शाळेत सोडायचं, भाजी आणायची. सगळं जवळच. हिवाळ्यात सकाळी काचेवर बर्फ असतो. लांबचा प्रवास महिनोन्‌महिने होत नाही.

नवऱ्याचं म्हणणं असं की या इंजिनाच्या गाड्या जगभर भरपूर चालतात आणि बहुतेकांना काही होत नाही. ऑइल ठरल्यापेक्षा लवकर बदलत राहिलं आणि आठवड्यातून एकदा मुद्दाम हायवेवर फिरवून आणली, तर भागेल. त्यात तथ्य आहे. ऑइल साडेतीन लिटरच्या आसपासच लागतं, त्यामुळे लवकर बदलणं काही फार जड जाणार नाही. पण मला प्रश्न पडतो तो गाडीच्या आजवरच्या आयुष्याचा. काकाही निवृत्त, त्यांच्याही फेऱ्या जवळच्याच. गाडी पाहायला गेले तेव्हा डिपस्टिक काढली, पातळी अगदी बरोबर, वासही नाही. मग कळलं की गाडी दाखवायची म्हणून त्यांनी नुकतंच ऑइल बदलून घेतलंय. त्यांनी ते चांगल्या मनाने केलं, शंकेला जागा नाही. पण मला जे पाहायचं होतं ते त्या जुन्या ऑइलबरोबर गेलं.

मग आता या इंजिनाची तब्येत कशी ओळखायची? कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि कुठून गळतो ते पाहणाऱ्या) करून रिंग आणि व्हॉल्व्ह कळतील. बेअरिंगची झीज त्यात दिसणार नाही ना? ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर पेट्रोलचं प्रमाण आणि धातूचे कण कळतात, पण ताज्या ऑइलमध्ये काय सापडणार? काही दिवस गाडी चालवून मग नमुना घेऊ द्या, असं काकांना म्हणणं योग्य दिसेल का?

दुसरी भीती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची. या १.५ टर्बो इंजिनात गॅस्केटमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळतं, अशा तक्रारी बऱ्याच मालकांनी लिहिल्या आहेत. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करून इंजिन अडखळतं का, पांढरा धूर बराच वेळ राहतो का, कूलंट कमी होतं का, एवढं पाहायचं ठरवलंय. कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रवातून सोडून तो पिवळा पडतो का (पडला तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय) पाहण्याची चाचणी असते, तीही मेकॅनिककडून करून घेईन. यापेक्षा खात्रीचं काही आहे का?

सीव्हीटीबद्दल मी त्यामानाने निश्चिंत आहे. एचसीएफ-२ हेच फ्लुइड वेळेवर बदललं तर ती टिकते असं दिसतं, फक्त ते बदलल्याची पावती मिळालेली नाही. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कारण नसताना ब्रेक लावते अशा तक्रारींवरून अमेरिकेत २०२२ मध्ये २०१७ ते २०१९ च्या सीआर-व्हीची चौकशी सुरू झाली होती. आम्ही चालवली तेव्हा तसं काही झालं नाही.

पर्याय दोन डोळ्यांसमोर आहेत. एक, आधीच्या पिढीची २.४ लिटर बिनटर्बो सीआर-व्ही. जुनी, पण इंजिन साधं. दुसरा, टोयोटा आरएव्ही४ ची २.५ लिटर. ती मिळणं कठीण, आणि मिळाली तरी हातातून लगेच जाते. हायब्रिड घेतली तर छोट्या फेऱ्यांत इंजिन सारखं बंद-चालू होऊन थंडच राहील, मग हाच त्रास तिथेही होतो का?

ज्यांनी ही १.५ टर्बो थंडीच्या ठिकाणी, जवळच्या फेऱ्यांसाठी वापरली आहे त्यांचे अनुभव हवेत. हिवाळ्याच्या आधी आणि नंतर डिपस्टिक कुठे होती, ऑइल किती किलोमीटरला बदलता, इंजिन हीटर बसवला असेल तर फरक पडला का, हे कृपया लिहा. "होंडा आहे, डोळे मिटून घ्या" हे घरी रोज ऐकतेय.

भर: प्रतिसादांत विचारलंय म्हणून. चासी नंबर टाकून रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) तपासले, प्रलंबित काही दिसत नाही. इंधन पंपाच्या रिकॉलबद्दल ज्यांनी सुचवलं त्यांचे आभार, पंप बदलल्याची पावती काकांच्या फाइलमध्ये सापडली. ते इंजिन तापवणारं सॉफ्टवेअर घातलंय की नाही, हे मात्र त्यांना आठवत नाही. सर्व्हिस सेंटरकडे चासी नंबर देऊन विचारलंय. नमुन्याचंही काकांशी बोलले. ते म्हणाले, गाडी घेऊन जा, हवी तितकी फिरव, मग तपास. तेव्हा आता प्रश्न इतकाच उरला की ताजं ऑइल किती किलोमीटर चालल्यावर नमुना घेतला तर त्यावरून काही ठरवता येईल? रविवारी गाडी आणतेय, त्याआधी कुणी सांगितलंत तर फार मदत होईल.