सरकारी नियमनाने ग्राहकाचे भले होते की भुर्दंड त्याच्याच माथी बसतो?

प्रश्न – वाकडचा भाडेकरू

नमस्कार. वाकड-पुनावळे भागात बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात सदनिका घेण्याचा विचार आहे. दराची घासाघीस करताना विक्री प्रतिनिधीने सांगितले की, महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी, स्वतंत्र बँक खाते, दर तिमाहीला द्यावी लागणारी माहिती या सर्वांचा खर्च शेवटी दरातच धरावा लागतो. घरी आल्यावर मामांनीही त्याला दुजोरा दिला. सरकार जिथे हात घालते तिथे वस्तू महाग तरी होते किंवा मिळेनाशी तरी होते, असे त्यांचे ठाम मत आहे. आईचे मत नेमके उलट आहे. मला हा प्रश्न केवळ सदनिकेपुरता विचारायचा नाही: नियमनाचा सामान्य ग्राहकाला एकंदरीत लाभ होतो की तोटा, याविषयी जाणकारांनी लिहावे.

उत्तर १ – जुना चिंचवडकर

आपल्या मामांचे वय मला ठाऊक नाही, पण त्यांचे मत कुठून आले असावे याचा अंदाज करता येतो. आकुर्डीत स्कूटरचा कारखाना डोळ्यांसमोर असताना पुणेकरांना स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असे, कारण कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे मागणीवर नव्हे, तर दिल्लीहून मिळणाऱ्या परवान्यावर ठरत होते. ज्याचा नंबर लागे तो कित्येकदा ती गाडी ‘ऑन’ (ठरलेल्या किमतीवर वरकड रक्कम) घेऊन दुसऱ्याला देई. त्या कारखान्याचे प्रमुख राहुल बजाज यांनी या मर्यादेविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती. अर्थात स्पर्धक नसल्याचा फायदा त्या काळात प्रत्येकच उत्पादकाला मिळत होता, हेही सांगितले पाहिजे.

सिमेंटची कथा आणखी वाईट. भाव सरकारने बांधलेला, वाटप सरकारच्या हातात, आणि त्यामुळे ज्याची ओळख त्याला पोती. जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पद सोडावे लागले, ते प्रकरण सिमेंटच्या वाटपाचेच होते. त्याच वर्षी सिमेंटवरील नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. आज कोपऱ्यावरच्या दुकानातून हवे तेवढे सिमेंट मिळते. ज्यांनी तो काळ काढला, त्यांना ‘ग्राहकहितासाठी नियंत्रण’ हे शब्द ऐकून हसू येते.

उत्तर २ – ग्राहक चळवळीतील कार्यकर्ती

वरील इतिहास खरा आहे, परंतु किती माल बनवायचा व तो कोणाला द्यायचा हे सरकारने ठरवणे वेगळे, आणि विक्रेत्याने दिलेला शब्द पाळावा यासाठी त्याला बांधून घेणे वेगळे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संघटनेचे काम सुरू केले, तेव्हा परवान्यांचे राज्य जोरात होते आणि तरीही ग्राहकाच्या बाजूने उभा राहील असा कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला.

आता सदनिकेविषयी. महाराष्ट्रात सदनिकांच्या विक्रीविषयीचा मोफा कायदा १९६३ पासून आहे. करार नोंदवण्यापूर्वी विकसकाने २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असे त्यात होते. पण ते पाहणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती, त्यामुळे ज्याची फसवणूक झाली त्याने वकील करावा आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात, एवढाच मार्ग उरत होता. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जागेच्या खरेदीत घालणे ही तर सर्रास चाल होती. २०१६ च्या रेरा या केंद्रीय कायद्याने करारापूर्वीच्या रकमेची मर्यादा १० टक्क्यांवर आणली, खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आणि चटई क्षेत्रावर (सदनिकेच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेवर) व्यवहार करायला लावला. ताबा लांबला तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या पायाभूत व्याजदरापेक्षा) दोन टक्के अधिक दराने व्याज मागता येते.

याचा खर्च दरात येतो, हे विक्री प्रतिनिधीचे म्हणणे मला अर्धेच पटते. दर ठरतो तो शेजारच्या प्रकल्पात काय भाव चालू आहे यावर. नोंदणीचा खर्च वाचला असता तर विकसकाने तो आपल्याला परत दिला असता, असे मानायला काहीच आधार नाही. ताबा रखडल्यावर भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरणाऱ्या कुटुंबाचा खर्च मात्र कोणत्याच दरपत्रकात दिसत नाही.

उत्तर ३ – औंधचा औषधविक्रेता

भाव बांधून देण्याचा मुद्दा राहिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, म्हणजे स्टेंटची, कमाल किंमत ठरवण्यात आली: साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये. त्याआधी दुसऱ्या प्रकारासाठी रुग्णाकडून लाखाच्या घरात रक्कम घेतली जात असे. रुग्ण टेबलावर असताना घासाघीस करू शकत नाही, त्यामुळे इथे बाजाराने भाव ठरवावा असे म्हणणे निरर्थक आहे. तथापि काही कंपन्यांनी आपले अद्ययावत स्टेंट मागे घेण्याची परवानगी मागितली, आणि शस्त्रक्रिया, खोली व तपासण्या यांचे दर मोकळेच राहिल्यामुळे बिलातील बचत सर्वांच्या पदरात सारखी पडली नाही.

रिक्षाचेही तसेच. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये ठरले, पण रात्री स्टेशनबाहेर मीटरचे नाव काढून पाहावे. भाव बांधायचा आणि तक्रारीची दखल वेळेत घ्यायची नाही, याने प्रामाणिक रिक्षावालाच तेवढा बांधला जातो.

उत्तर ४ – कसब्यातील सल्लागार

प्रश्नकर्त्यासाठी व्यवहाराचे दोन शब्द. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ पूर्णत्वाची तारीख आणि नंतर घेतलेली मुदतवाढ या दोन्ही पाहाव्यात. जाहिरातीत बहुधा मुदतवाढीनंतरचीच तारीख छापलेली असते. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही, त्यामुळे पेठांतील लहान इमारती बऱ्याचदा या छत्राबाहेर राहतात.

वाद झालाच तर तक्रारीआधी महारेराच्या सलोखा मंचाचा (दोन्ही बाजूंना बसवून तडजोड घडवणाऱ्या व्यवस्थेचा) मार्ग पाहावा. नुकसानभरपाईचा आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे: ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वसूल होते, आणि वसुलीचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. विकसकाच्या नावावर अशी किती वसुली थकली आहे, हे टोकन (सदनिका राखून ठेवण्याची पहिली रक्कम) देण्याआधी विचारावे. विक्री प्रतिनिधीने उत्तर टाळले, तर दराची चर्चा तिथेच थांबवावी.