हार्ड डिस्क रिकामी असूनही ‘मेमरी कमी आहे’ असा संदेश का येतो?

प्रश्न (दिंडोरी रोड, नाशिक):
नमस्कार. आमच्या द्राक्षबागेचा हिशेब, फवारणीचे वेळापत्रक आणि ग्रेपनेटसाठी (निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणारी ऑनलाइन प्रणाली) लागणारी कागदपत्रे मी घरच्या जुन्या संगणकावर ठेवतो. त्याची १ टीबीची हार्ड डिस्क निम्म्याहून अधिक रिकामी आहे; तरीही एक्सेलच्या मोठ्या फाइली आणि ब्राउझर एकाच वेळी उघडले की मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो आणि संगणक हँग होतो. दुरुस्तीच्या दुकानात ‘पुन्हा विंडोज मारावी लागेल’ एवढेच सांगितले. रॅम, हार्ड डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांचा नेमका संबंध कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १:
रिकामी जागा हार्ड डिस्कवर आहे, तुटवडा रॅमचा, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीचा आहे. प्रोसेसर हार्ड डिस्कवरच्या माहितीवर थेट काम करू शकत नाही. म्हणून फाइल उघडताच ऑपरेटिंग सिस्टीम ती रॅममध्ये आणते. रॅम भरत आली की विंडोज तिच्यातला सध्या न लागणारा भाग सी ड्राइव्हवरच्या पेज फाइलमध्ये हलवते आणि गरज पडताच परत आणते. खरी अडचण इथे सुरू होते, कारण मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर योग्य जागा गाठायला दर वेळी काही मिलिसेकंद जातात आणि रॅमच्या मानाने हा वेळ प्रचंड असतो. आपण ज्याला हँग होणे म्हणता, ती बहुधा हीच ने-आण असावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरी व डिस्क यांचे आकडे कळवा.

प्रश्नकर्ता:
रॅम ४ जीबी आहे. मेमरी ९३ टक्के आणि डिस्क सतत १०० टक्के दिसते. आता रॅम वाढवावी की एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवावी?

उत्तर २:
दादा, खरेदीआधी सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे पाहून घ्या. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती ४ जीबीपलीकडची रॅम वापरत नाही. तसे असल्यास ६४ बिट विंडोज टाकल्याशिवाय वाढीव रॅमचा उपयोग होणार नाही. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे जुनी पट्टी दाखवूनच नवी घ्यावी. एकच खर्च झेपणार असेल तर माझ्या मते आधी रॅम घ्यावी, कारण मूळ तुटवडा तिचा आहे. एसएसडीमुळे संगणक लवकर सुरू होईल, पण तेवढ्याने रॅमची उणीव भरून निघणार नाही.

उत्तर १:
सहमत. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले असून विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) लागते, ते आपल्या मदरबोर्डवर आहे का, हेही पैसे खर्च करण्यापूर्वीच तपासा. विंडोज नव्याने टाकायची वेळ आलीच, तर त्याआधी बागेच्या सगळ्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.