नॅट किंग कोलचा पियानो त्याच्याच गळ्याने खाल्ला?

काळी_चार:
परवा मित्राकडे जेवायला होतो, त्याने नॅट किंग कोलचं 'मोना लिसा' लावलं, सगळे डोळे मिटून अहाहा करत बसले आणि मी सहज म्हणालो की हा माणूस मुळात पियानिस्ट, गाणं नंतरचं. त्यावर एक जण म्हणतो, "हो का? म्हणजे गाता गाता वाजवायचा पण?" पण!! तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. १९४० च्या दशकातले पहिले पाच-सहा जॅझ पियानिस्ट काढले तर त्यात नॅट कोल येतोच, आणि त्याचा आवाज इतका चालला की हातांकडे बघायला कुणाला सवडच राहिली नाही. जन्म १९१९ चा, अलाबामातला, वाढला शिकागोत, वडील पाद्री, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, पहिले धडे तिच्याकडूनच. पुढे पियानिस्ट अर्ल हाइन्सचं वेड लागलं. १९३७ ला लॉस एंजेलिसमध्ये तिघांचा ट्रायो काढला, पियानोवर स्वतः, गिटारवर ऑस्कर मूर, बासवर वेस्ली प्रिन्स. ड्रम नाहीतच! पंधरा-सोळा जणांच्या बिग बँडचा जमाना आणि हे तिघं ड्रमशिवाय लोकांना डोलवतायत. ठेका कोण धरतंय मग?

त्या काळातल्या त्याच्या छोट्या फिल्म्स बघा. पियानोसमोर सरळ बसतच नाही, अंग वळवून तोंड प्रेक्षकांकडे, चेहऱ्यावर हसू, गाणं चालू, आणि हात तिकडे बाजूला आपापलं काम करतायत जणू दुसऱ्याच कुणाचे. पट्ट्यांकडे नजरसुद्धा नाही. मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी कीबोर्ड शिकतोय, खाली न बघता साधा सी मेजर लागत नाही, त्यामुळे मला ते बघून रडायला येतं.

नुसती_वाचक:
मी असं ऐकलेलं की बारमध्ये एका दारुड्याने हट्ट केला गा म्हणून, तेव्हा हा पहिल्यांदा गायला आणि मग गायकच झाला. खरंय का?

काळी_चार:
गोष्ट छान आहे पण मागाहून चिकटवलेली वाटते. ट्रायो सुरुवातीपासून तिघं मिळून गायचेच की, अधूनमधून, वाजवण्याला जरा बदल म्हणून.

खडूस_रसिक:
धागा वाचला. आवाज आवडतो, पियानोही आवडतो, पण हे "अंडररेटेड" प्रकरण आता पुरे झालं. कोणी अंडररेट केलं? डिसेंबर १९४६ मध्ये मेट्रोनोम मासिकाच्या ऑल-स्टार मंडळींनी 'स्वीट लोरेन' रेकॉर्ड केलं, कोलमन हॉकिन्स, जॉनी हॉजेस, बडी रिच असली माणसं, आणि गायला फ्रँक सिनात्रा. पियानोवर कोण? नॅट कोल. म्हणजे गाणं जे खुद्द याच्या नावावर चाललेलं ते सिनात्रा गातोय आणि हा नुसता साथीला बसलाय, कारण तिथे त्याला पियानिस्ट म्हणूनच बोलावलेलं होतं. याला उपेक्षा म्हणतात का? पियानिस्ट ऑस्कर पीटरसनने गिटार-बासचा ट्रायो केला तो याच वाटेने, दुसरा मोठा पियानिस्ट आर्ट टेटमने १९४३ ला गिटार-बास घेतले तेही कोलचं चाललेलं बघूनच म्हणायचं. ज्यांना कळायचं त्यांना केव्हाच कळलंय. राहिले तुमच्या मित्राकडचे पाहुणे, तर त्यांना टेटम तरी माहितीये का? मग टेटमपण अंडररेटेड. सगळेच अंडररेटेड!

आणि खरं बोलायचं तर १९४५ नंतर पियानो पुढे नेला तो बड पॉवेल आणि मंकने. कोल हाइन्सच्या घराण्यातला, नीटनेटका, गोड. मोठा आहे, पण पहिल्या पाचात वगैरे भावनेच्या भरात.

काळी_चार:
गोड?? २ जुलै १९४४, लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक'ची पहिली मैफल, त्यातला ब्लूज ऐका. लेस पॉल गिटारवर आणि हा पियानोवर, सवाल-जवाब चाललेत, एकाने तुकडा टाकायचा दुसऱ्याने उचलायचा, वाढवायचा, परत फेकायचा, आणि पब्लिक अक्षरशः बोंबलतंय, फडावर बोंबलतं तसं. ही रेकॉर्ड आली तेव्हा त्यावर याचं नाव काय छापलं माहितीये का? 'शॉर्टी नदीन'. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीशी करार होता ना, दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर खरं नाव चालत नव्हतं, म्हणून बायकोचं नाव वापरलं. १९४६ ला सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगबरोबर वाजवलं त्यावर 'आय गाय'. म्हणजे याचं सर्वात मोकळं वाजवणं खोट्या नावाने बाजारात आलं आणि गाणं मात्र खऱ्या नावाने. आता सांगा.

भात्याचा_माणूस:
मी भजनी मंडळात आणि जमलं तर बैठकीतही पेटीची साथ करतो, तीसेक वर्षं झाली. जॅझमधलं फार कळत नाही पण या धाग्यामुळे रात्री हेडफोन लावून ट्रायोची पाच-सहा गाणी ऐकली, तर एक सांगतो. साथीदाराचं काम काय, गाणाऱ्याने श्वास घेतला की ती फट भरायची आणि तो परत सुरू झाला की मागे सरायचं. हे दोन माणसांत जमायलाच वर्षं जातात. हा माणूस स्वतःच गातो आणि स्वतःच्याच फटी भरतो, पण गंमत म्हणजे भरताना गाण्याचीच ओळ परत वाजवत नाही (आम्ही आळशी लोक तेच करतो), दुसरंच काहीतरी बोलतो. गळा ओळ जरा उशिरा टाकतो, मागे रेंगाळतो, आणि हात मात्र लयीत ठाम. एका माणसात दोन लयी. मी पेटी काढून आमच्या एका अभंगावर करून बघितलं, गळा मागे ठेवला की हातपण मागे यायला लागला. बायको म्हणाली झोपा आता.

तर माझं मत असं की गळा आणि पियानो असे दोन पक्ष पाडूच नका. तो गातो तसा गातो कारण तो वाजवतो. शब्द टाकायची पद्धत पियानोवाल्याचीच आहे, एकेक पट्टी स्वच्छ दाबल्यासारखी.

काळी_चार:
हे मस्त. माझ्या पोस्टपेक्षा तुमचीच पोस्ट धाग्याच्या वर हवी होती.

खडूस_रसिक:
भात्याच्या माणसाशी सहमत, पण त्याने धागाकर्त्याचा मुद्दा पडतोच की. गळ्याने पियानो खाल्ला नाही, कोलने स्वतः उठून पियानोचं झाकण लावलं. ते ख्रिसमसचं गाणं घ्या, डिसेंबरात मॉलमॉलमध्ये वाजतं ते. जून १९४६ ला नुसत्या ट्रायोवर रेकॉर्ड झालं, ऑगस्टमध्ये परत व्हायोलिनं घालून, आणि बाजारात आली ती व्हायोलिनवाली. व्हायोलिनांचा हट्ट कंपनीचा नव्हे, त्याचाच होता असं सांगतात. मग १९४८ ला 'नेचर बॉय', १९५० ला 'मोना लिसा', मागे मोठा ऑर्केस्ट्रा आणि हा माइकपुढे उभा. त्याने निवड केली, झकास पैसे मिळवले, आपण का गळे काढायचे?

मूळचा_मिरजेचा:
पंचवीस वर्षं अमेरिकेत आहे, एरवी नुसता वाचतो, पण "निवड केली" हे इतकं सोपं करू नका. १९४८ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्कमध्ये घर घेतलं तर शेजारचे गोरे एकत्र येऊन म्हणाले आम्हाला इथे नको ती माणसं यायला नकोत. तो म्हणाला मलाही नकोत, कोणी दिसलं तर पहिली तक्रार मीच करीन. १९५६ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला, म्हणजे अलाबामातच, ज्या राज्यात जन्मला तिथे, भर कार्यक्रमात स्टेजवर चढून त्याच्यावर हल्ला केला लोकांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनबीसी या टीव्ही वाहिनीवर स्वतःचा शो सुरू झाला, वर्षभर चालला, देशपातळीवरचा प्रायोजक काही मिळाला नाही.

आता माझा मुद्दा, दोघांनाही पटणार नाही कदाचित. काळा माणूस पियानोमागे बसून वाजवतोय हे त्या समाजाला चालत होतं, तो करमणूक करणारा, कोपऱ्यातला. तोच उठून, मध्यभागी उभा राहून, सूट घालून, कॅमेऱ्यात बघून प्रेमाचं गाणं म्हणतोय हे टोचत होतं. म्हणजे आपण पियानो म्हणजे खरी कला आणि गाणं म्हणजे बाजार असं जे धरून चाललोय ते तेव्हाच्या अमेरिकेत उलटं पण असू शकतं. उठून उभं राहणं हेच जास्त जोखमीचं होतं.

काळी_चार:
हम्म. या बाजूने विचार केलाच नव्हता. तरी ऐकायला पियानो कमी आला हे दुःख उरतंच ना, कारण काहीही असो.

नुसती_वाचक:
आपल्याकडे पु.लं.चं असंच नाही का? पेटी इतकी सुंदर वाजवायचे पण लोक पुस्तकंच सांगतात.

भात्याचा_माणूस:
उदाहरण गोड आहे पण बसत नाही. पु.लं.चं पोट पेटीवर नव्हतं. कोलने ट्रायोवर कित्येक वर्षं संसार केलाय.

उशिरा_आलेली:
सारा वॉनला कोणी विचारणार आहे का? १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये ती गायिका म्हणून लागली आणि जोडीला दुसरी पियानिस्ट म्हणून. त्याच हाइन्सच्या, ज्याच्यावर तुमचा कोल फिदा होता. कोलसाठी भांडायला निदान हा धागा तरी आहे, तिच्या पियानोबद्दल तर कोणी अवाक्षर काढत नाही.

अवांतर: शिकागोतच नाव कमावलेला टेडी वेदरफर्ड नावाचा पियानिस्ट तीसच्या दशकात मुंबईत ताजला वाजवायचा. त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

खडूस_रसिक:
सारा वॉन, मान्य. बिनशर्त. हे मी सहसा म्हणत नाही.

काळी_चार:
वेगळा धागा काढतोच तिचा. बाकी खडूसराव, १९५६ ला रेकॉर्ड केलेला 'आफ्टर मिडनाइट' अल्बम ऐकलाय का? इतकी वर्षं ऑर्केस्ट्रापुढे गाऊन झाल्यावर परत पियानोवर बसला, जोडीला हॅरी एडिसनचं ट्रंपेट, स्टफ स्मिथचं व्हायोलिन. झाकण लावलेल्या माणसाचे हात असे नसतात.

खडूस_रसिक:
ऐकलंय. छान आहे. त्यात तो पाहुण्यांना जास्त वाजवू देतो आणि स्वतः कमी वाजवतो, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

काळी_चार:
यजमान आहे तो! असो. ज्यांना दहाच मिनिटं आहेत त्यांनी लेस्टर यंगबरोबरचं १९४६ चं लावा, टेनर सॅक्स, पियानो आणि ड्रमवर बडी रिच. चांगले हेडफोन घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर नको.

नुसती_वाचक:
लावलं. दोनदा ऐकलं. पण बास कोण वाजवतंय? नाव कुठेच दिसत नाहीये.

भात्याचा_माणूस:
बास नाहीच त्यात. तो त्याचा डावा हात आहे.