पंढरपुरात घरगुती खानावळ सुरू करायची आहे : आईचा स्वयंपाक, वारीचा वारसा आणि रोजचा हिशेब

भीमातीर (प्रश्न)

सर्वांना रामकृष्ण हरी.

आमचे घर पंढरपुरात, प्रदक्षिणा मार्गापासून दोन गल्ल्या आत आहे. आजीच्या काळापासून परभणी जिल्ह्यातील एक दिंडी आषाढ शुद्ध दशमीच्या रात्री आमच्याकडे जेवते. पालख्या गावात पोहोचल्या की तासाभरात चाळीस-पन्नास माणसे ओसरीवर आणि माडीवर बसतात, आणि आई त्यांना पिठले, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वाफाळता भात वाढते. आदल्या दिवशी कांदेनवमी झालेली असल्याने घरात कांदा-लसूण नसतो. पिठल्याला फक्त जिरे, मोहरी, हिंग आणि कढीपत्ता यांची फोडणी असते. तरीही एक वृद्ध माळकरी दरवर्षी जाताना आईला सांगतात की, माउली, वारीत पोटभर जेवण अनेक ठिकाणी मिळते, पण "अजून अर्धी घ्या" असे म्हणणारे घर हेच.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. तळमजल्यावरचा गाळा भाडेकरू सोडून गेल्यापासून रिकामा आहे. तिथे बारमाही खानावळ सुरू करावी, एका वेळी पंचवीस माणसे बसतील एवढीच जागा ठेवावी आणि आईच्या हाताचे जेवण रोज सत्तर-ऐंशी माणसांना मिळावे, असा माझा विचार आहे. दवाखान्यात रुग्णाजवळ थांबलेले नातेवाईक, एसटीचे चालक-वाहक, हमाल, बाहेरगावचे विद्यार्थी आणि अर्थात यात्रेकरू, असा वर्ग डोळ्यांसमोर आहे.

माझ्या अडचणी पैशांपेक्षा वेगळ्या आहेत. आमच्या घरातून उपाशी कोणी गेले नाही, पण दुकान मांडल्यावर ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला जेवू कसे घालायचे, आणि तेही त्याची मान खाली न जाता? यात्रेच्या दिवसांत गावात सगळ्याच वस्तू महागतात, तेव्हा थाळीचा दर वाढवावा का? शिवाय आई सोवळे पाळते. "सोवळ्यातील स्वयंपाक अशी पाटी लावा, गर्दी होईल," असा सल्ला काही परिचितांनी दिला आहे. त्या पाटीचा विचार मनात आला तरी मला अस्वस्थ वाटते, पण आईला दुखवायचेही नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी मोकळेपणाने सांगावे.

पोळपाट

ताई, मी पुण्यात सदाशिव पेठेत अठरा वर्षे स्पर्धा परीक्षांच्या मुलांची मेस चालवली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पाचव्या वर्षी सापडले, तोवर मी चुकत होते.

सुरुवातीला मी फळ्यावर लिहिले होते की, अडचण असल्यास निःसंकोच सांगावे. चार वर्षांत दोन मुलांनी सांगितले. बाकीची मुले महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खाडे लावत होती आणि खोलीवर बिस्किटे खाऊन झोपत होती, हे मला त्यांच्या मित्रांकडून कळले. भुकेल्या माणसाला मागायला लावणे हीच सर्वांत मोठी अडचण असते. मग मी फळा पुसला आणि हिशेब बदलला. ऐंशी ताटे जात असतील तर आठ ताटांचा शिधा आपल्या खर्चातच धरायचा. एका ताटाचा शिधा ५५ रुपयांना पडत असेल तर आठ ताटांचे ४४० रुपये होतात, आणि ते ऐंशी ताटांवर वाटले की प्रत्येकी साडेपाच रुपये येतात. एवढे दरात धरले की ती आठ ताटे तुमच्या उपकारातून येत नाहीत, गल्ल्यातूनच येतात. कोणाला द्यायचे ते वाढणाऱ्या बाईला ठाऊक असावे, शेजारी बसलेल्याला कळू नये, आणि ताटात तसूभरही फरक नसावा. माझ्याकडे जेवलेली काही मुले नोकरी लागल्यावर न सांगता दोन-तीन महिन्यांचे पैसे देऊन गेली. ते पैसेही मी त्याच आठ ताटांच्या वहीत जमा केले, गल्ल्यात मिसळले नाहीत.

आता स्वयंपाकाविषयी. घरचे प्रमाण सरळ गुणाकाराने वाढत नाही. पाच माणसांच्या आमटीला जेवढे मीठ-तिखट लागते त्याच्या दसपट पन्नास माणसांना घातले तर ती खाता येत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी आटण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून पाणीही बेतानेच घालावे लागते. मी मीठ पाऊणपट घालून, उकळी आल्यावर चाखून, मग वाढवत असे. आईंना आधी वीस, मग चाळीस माणसांचा स्वयंपाक करायला सांगा आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मुठीने पडणारी वस्तू तुम्ही काट्यावर तोलून लिहून ठेवा. त्या एखाद्या दिवशी आजारी पडल्या तर तीच वही तुमची खानावळ चालू ठेवील.

भाकरीचा हिशेब मात्र वेगळा आहे, कारण ती हाताच्या वेगावर चालते. एक किलो पिठाच्या दहा-अकरा भाकरी होतात. ऐंशी माणसांना प्रत्येकी दोन धरल्या तर रोज सोळा किलो पीठ आणि चुलीपुढे किमान दोन सवयीच्या बायका हव्यात. पीठ आठवड्याचे एकदम दळून आणू नका. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, मग उकड काढत बसावे लागते आणि पंगत ताटकळते. तुमच्यापासून जवळच मंगळवेढा आहे. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सुगीत शेतकऱ्याकडून थेट घेऊन साठवलीत तर वर्षभर चव एकसारखी राहील.

एकादशीला माझी मेस बंद असे. तुम्हीही तसेच करा, बायकांना महिन्यातून दोन सुट्ट्या मिळतील.

जमाखर्च

मी हिशेबनीस आहे, त्यामुळे भावनेत न शिरता लिहितो, पण आपला हेतू मला मनापासून आवडला आहे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना, यांपैकी उलाढालीप्रमाणे जे लागू होईल ते सुरू करण्यापूर्वीच घ्यावे आणि त्यावरचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा. पाणी बोअरचे असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. यात्रेच्या काळात तर हे अधिकच गरजेचे आहे. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर खानावळीत वापरता येत नाही, १९ किलोची व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते. यात्रेत रस्ते वाहनांना बंद होतात, म्हणून सिलिंडर, तेल, डाळी आणि तांदूळ नवमीच्या बरेच आधी घरात असू द्यावेत. आपला दर न वाढवण्याचा खरा उपाय हाच आहे, कारण त्या चार दिवसांत महागतात ते मुख्यतः दूध आणि भाजीपाला. पिठले, आमटी आणि भाकरी यांवर थाळी बेतली तर दर जागच्या जागी ठेवता येतो.

वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. रोज ऐंशी ताटे शंभर रुपयांनी गेली तर वर्षाचे २८-२९ लाख होतात, म्हणजे ही बाब पहिल्याच वर्षी येणार आहे. देवस्थानाने दिलेल्या प्रसादाला करातून सूट आहे, परंतु आपल्या थाळीला प्रसाद म्हटल्याने ती करमुक्त होत नाही. पाटीवर 'प्रसाद' किंवा 'अन्नछत्र' हे शब्द लिहू नयेत, असे मी आग्रहाने सुचवतो. लोकांनी अन्नदानासाठी मोठ्या रकमा देऊ केल्या तर त्या खानावळीच्या खात्यात घेऊ नका. ते कार्य वाढलेच तर सार्वजनिक न्यास नोंदवून वेगळे चालवता येईल.

दराच्या अंदाजासाठी एक तुलना देतो. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि मूदभर भात एवढ्या थाळीचा दर शहरी भागात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. जेवणारा त्यातले १० रुपये देत असे, उरलेले सरकार भरत असे. त्यानंतर वाढलेली महागाई लक्षात घेता, पोटभर थाळी ५० रुपयांत देण्याचा मोह टाळावा. सहा महिन्यांत बंद पडणारी स्वस्त खानावळ कोणाच्याच उपयोगाची नाही.

वाळवंटातला

रामकृष्ण हरी, ताई. मी गेली एकोणतीस वर्षे आळंदीहून पायी चालत येतो, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नावरच लिहितो, कारण माझ्या मते बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

ती पाटी लावू नका. ज्या गावात तुम्ही खानावळ काढत आहात त्या गावात विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण करावे लागले होते. महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर, चोखोबांची समाधी आहे. ज्यांना आत जाऊ दिले नाही त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी याच गावात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि त्यांच्या शिकवणुकीत पहिले वाक्य भुकेलेल्यांना अन्न हेच आहे. पैठणला नाथांनी श्राद्धाचे अन्न कोणाला वाढले, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. अशा परंपरेचे नाव घेऊन चालणाऱ्या स्वयंपाकघरात कोणत्या घरची बाई येऊ शकते आणि कोणत्या घरची नाही, असे ठरवणारी पाटी लावली तर दशमीच्या त्या पिठल्याशी आपले नाते तुटते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आईंना मात्र वादाने समजावू नका. माझी आईही सोवळे पाळत असे. तिच्या सोवळ्याचा मोठा भाग म्हणजे पहाटेची आंघोळ, धुतलेले वस्त्र, स्वयंपाक होईपर्यंत मन शांत ठेवणे आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय उष्टे न करणे हा होता. यातला प्रत्येक नियम कोणत्याही घरातून आलेली बाई पाळू शकते. आईंना सांगा की, हे नियम तुम्हीच सगळ्यांना शिकवा. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, तेव्हा आपण एकमेकांच्या मुखात घास घालतो आणि समोरचा कोण हे विचारत नाही. आईंनी तो काला आयुष्यभर पाहिला आहे, त्यांना हे परके वाटणार नाही.

एकादशीला बंद ठेवण्याच्या मताशी मात्र मी सहमत नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या माणसाला त्या दिवशीही भूक लागते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा, नेहमीच्या दरात द्या. ज्याचा उपास आहे त्याचा तो सांभाळला जाईल, ज्याचा नाही त्याचे पोट भरेल.

चाळीतली नात

माझी आजी लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवत असे. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस जण पाळीपाळीने जेवत. किराण्यासाठी ती सावकाराकडून पैसे उचलत असे आणि कामगारांचा पगार झाला की व्याजासह फेडत असे, त्यामुळे पहाटे चारपासून राबूनही हातात फारसे काही उरत नसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळवाल्या बायकांना गटाने एकमेकींची हमी देऊन बँकेचे कर्ज मिळू लागले. आजीच्या हातात स्वतःच्या नावाचे पासबुक त्या काळात पहिल्यांदा आले. ते तिने शेवटपर्यंत देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले होते.

हे सांगण्याचे कारण असे की, तुमच्याकडे भाकरी थापायला येणाऱ्या बायकांची मजुरी हा तुमच्या श्रद्धेचाच भाग असावा. 'सेवा' म्हणून कमी पैशांत राबवून घेणे फार सोपे असते आणि पंढरपूरसारख्या गावात ते पटकन घडते. त्यांना महिन्याचा ठरलेला पगार, बँकेत जमा होणारा, आणि जेवणाच्या वेळी बसून खाता येईल असा अर्धा तास द्या. आजीला जेवताना मी कधी पाहिल्याचे मला आठवत नाही.

उधारीबद्दलही लिहिते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा आजीने "संप मिटला की द्या" म्हणून सर्वांना जेवू घातले. संप मिटला नाही. माणसे गावी गेली, त्यांच्याकडेही देण्यासारखे काही नव्हते, आणि किराण्याचे देणे आजीच्या अंगावर राहिले. तिने कोणालाही दोष दिला नाही, मात्र तिच्या दोन बांगड्या गेल्या. म्हणून पोळपाटताईंची आठ ताटांची पद्धत मला योग्य वाटते. जे द्यायचे ते आधीच दिलेले धरावे आणि त्याची मर्यादा रोज ठरलेली असावी. उधारीच्या वहीत दान लिहू नये.

भीमातीर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी हे सगळे आईला वाचून दाखवले. वाळवंटातल्या दादांचे उत्तर तिने दोनदा वाचायला लावले. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली की, आंघोळ करून आल्याशिवाय कोणी चुलीला हात लावायचा नाही, एवढे मी सांगणार, बाकी तुझे तू पाहा. पाटीवर फक्त 'घरगुती जेवण' एवढेच लिहायचे ठरले आहे.

रोजची सहा ताटे खर्चात धरून सुरुवात करणार आहे. आठ मला पहिल्या वर्षी पेलणार नाहीत. एकादशीला भगर-आमटी राहील, मात्र त्या दिवशी फक्त दुपारचीच वेळ, म्हणजे बायकांना संध्याकाळ मोकळी मिळेल. गल्लीतल्या तीन जणी कामाला यायला तयार आहेत. त्यांतील एकीचा भाकरीचा हात आईपेक्षाही चांगला आहे, हे आईनेच मान्य केले. येत्या रविवारी वीस ओळखीच्या माणसांना बोलावून पहिला स्वयंपाक करणार आहोत, काटा आणि वही घेऊन मी शेजारी बसणार आहे.

एक शंका राहिली आहे. पिठले मोठ्या पातेल्यात केले की गुठळ्या होतात. आई घरी पाण्याला फोडणी देऊन वरून कोरडे बेसन भुरभुरते. ऐंशी माणसांना तसे जमेल का?

पोळपाट

नाही जमणार, ताई. मोठ्या प्रमाणात बेसन आधी गार पाण्यात सैलसर कालवून गाळणीतून काढून घ्या, फोडणीचे पाणी खळखळ उकळू लागले की एका बाईने ते धारेने सोडावे आणि दुसरीने लांब दांड्याच्या उलथण्याने तळापासून सतत ढवळावे. नंतर झाकण ठेवून मंद आचेवर चांगली वाफ येऊ द्या, नाहीतर बेसन कच्चट लागते. वीस-वीस माणसांचे चार घाणे केले तर उत्तमच, शेवटच्या पंगतीलाही गरम मिळेल. रविवारचे वजन लिहिलेत की इथे टाका, मी माझ्या वहीशी ताडून पाहते.