पेंटर मामांच्या कामाची नोंद: ‘कोणाकडेही न शिकलेला’ असे म्हणावे का?

प्रश्न (पेठकर)

नमस्कार. माझे मामा चाळीसएक वर्षे कोल्हापुरात पेंटर होते. चित्रकलेच्या कोणत्याही शाळेची पायरी ते चढले नव्हते. दुकानांच्या पाट्या, मालट्रकच्या मागची अक्षरे, उसाच्या ट्रॉलीवरची नावे, प्राथमिक शाळांच्या भिंतींवरचे नकाशे आणि आमच्या पेठेतील तालमीच्या भिंतीवरचा द्रोणागिरी उचललेला मारुती, हे सारे त्यांचे काम. गेल्या वर्षी ते वारले. उरलेल्या कामांची लहानशी पुस्तिका करावी, असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. मसुद्यात मी त्यांना ‘कोणाकडेही न शिकलेला कलावंत’ म्हटले, तेव्हा मामी म्हणाल्या, “कोणाकडे शिकले नाहीत असं कसं? सगळ्या गावाकडं शिकले.” मग हे लिहावे तरी कसे? शिवाय त्यांच्या पत्र्याच्या पाट्यांवरील रंगाचे पोपडे सुटू लागले आहेत, त्यासाठी काय करता येईल?

उत्तर (निवृत्त चित्रकला शिक्षक)

तुमच्या मामींचे म्हणणे मला अधिक अचूक वाटते. आपल्या गावातले सर्वांत मोठे उदाहरण घ्या. 1890 साली कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांनी कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. परंतु त्यांचे वडील स्वतः कुशल कारागीर होते, चुलतभाऊ आनंदराव सोबतीला होते, आणि संगीत नाटक मंडळ्यांचे भलेमोठे पडदे रंगवता रंगवता दोघांचाही हात तयार झाला. 1916 मध्ये आनंदराव गेल्यानंतर बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, तेव्हा पडद्यावरचे महाल आणि छायाप्रकाश त्यांना परके नव्हते, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरेही ते स्वतः रंगवीत. याच कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मात्र मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या कलाशाळेत शिकून आले होते. या दोन वाटा गावात शेजारीशेजारी नांदल्या, आणि ‘पेंटर’ हा शब्द बाबूरावांनी आडनावासारखा मिरवला, हे पुस्तिकेत जरूर यावे. (आज त्याच शब्दावर लोक नाक मुरडतात, ते मला कधी समजले नाही.)

उत्तर (बोर्डवाला)

मी स्वतः पाट्या रंगवूनच संसार केला, म्हणून कामाबद्दल लिहितो. आमच्याकडे शिकवणी नसते. पोरगा आधी ब्रश धुतो, पत्रा घासतो, अस्तर मारतो आणि उस्तादाचा हात पाहत राहतो. अक्षरे लिहिताना खडू लावलेली दोरी ताणून तिचा फटका मारायचा, म्हणजे शिरोरेषेची सरळ खूण उमटते. मग मजकुराचा मध्य धरून दोन्ही बाजूंना जागा मोजायची, कारण डावीकडून बिनधास्त सुरुवात केली की शेवटचे जोडाक्षर हमखास पाटीबाहेर जाते. हात थरथरू नये म्हणून टोकाला कापडाचा बोळा बांधलेली काठी पत्र्यावर टेकवून तिच्यावर मनगट ठेवतात. मारुतीसारखे मोठे चित्र कॅलेंडरवर चौकटी आखून, तितक्याच चौकटी भिंतीवर मोठ्या काढून उतरवले जाते. परंतु जमिनीवरून पाहणाऱ्याला मांडी आखूड दिसू नये म्हणून ती मुद्दाम लांब काढण्याची समज चौकटीतून येत नाही. ती पडत-झडत येते. मामांचा मारुती खालून कसा दिसतो, ते एकदा नीट पाहा.

उत्तर (शहरातील एक वाचक)

वरील दोन्ही उत्तरे मान्य करूनही एक हरकत नोंदवतो. हे सारे गोड करून लिहू नका. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांनीही मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरले, म्हणून प्रत्येक होर्डिंगवाल्याला हुसेन करण्याचा मोह आपल्याला होतो. फ्लेक्स आल्यावर दिवसभराचे काम यंत्रातून काही मिनिटांत निघू लागले आणि कित्येकांनी ब्रश खाली ठेवला. मामांकडे मजुरीची वही असेल, तर कोणत्या पाटीला किती पैसे मिळाले ते छापावे. चित्रांइतकीच तीही त्यांच्या आयुष्याची नोंद आहे.

उत्तर (निवृत्त चित्रकला शिक्षक)

पाट्यांविषयी राहिलेच. त्या टर्पेंटाइनने किंवा रॉकेलने मुळीच पुसू नयेत; सुटू लागलेला रंग त्यासोबत निघून येतो. चकाकी आणण्यासाठी वार्निशही चढवू नये. पाटी आडवी ठेवून, मऊ ब्रशने धूळ झटकून, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसतात. तालमीची भिंत पावसाळ्याआधी टिपावी, कारण आपल्याकडच्या पावसात ओल धरलेल्या भिंतीवर रंग टिकत नाही.

प्रश्नकर्ता (पेठकर)

सर्वांचे आभार. आज संध्याकाळी तालमीत जाऊन आलो. मारुतीची डावी मांडी खरोखरच लांब आहे. इतकी वर्षे मी ती मामांची चूक समजत होतो. वही मामींच्या ट्रंकेत सापडली, मात्र निम्म्या पानांवर पैशांच्या जागी ‘बाकी’ एवढेच लिहिले आहे. ती पाने तशीच छापू. तालमीचे कारभारी पुढच्या महिन्यात भिंतीला नवा रंग देणार आहेत, तेव्हा बोर्डवाल्या काकांना त्याआधी येणे जमेल का?